ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं: कॅल्क्युलसमध्ये अडलेल्याला मागे जायची वाट

पैशाची ओढाताण असलेला विद्यार्थी विज्ञानाची किंवा गणिताची पदवी अर्धवट सोडतो, तेव्हा गाडी बऱ्याचदा पहिल्या सत्रातच रुळावरून घसरलेली असते. पुस्तक महाग, म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते. पहिली चाचणी पुस्तकाविना होते. मग कुणाची तरी जुनी प्रत हाती येते, पण तोवर कॅल्क्युलसच्या, म्हणजे कलनाच्या, वर्गात लिमिट संपून डेरिव्हेटिव्ह हा पुढचा विषय सुरू झालेला असतो. आणि खरी गाठ तर त्याहून मागे, शाळेतल्या बीजगणितात बसलेली असते. ओपनस्टॅक्सची फुकट पाठ्यपुस्तकं या दोन्ही अडचणींवर कामी येतात. पुस्तक विकत घ्यावं लागत नाही, याबद्दल सगळेच बोलतात. आमच्या मते मागे राहिलेलं भरून काढण्याची जी सोय त्यांत आहे, ती जास्त मोलाची.

हा उपक्रम अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा. रिचर्ड बरानियुक यांनी १९९९ मध्ये ‘कनेक्शन्स’ या नावाने खुल्या अभ्याससामग्रीचं काम सुरू केलं आणि २०१२ मध्ये ओपनस्टॅक्सची पहिली पुस्तकं आली. वेबवर वाचायला खातंही उघडावं लागत नाही. संपूर्ण पीडीएफ उतरवून घेता येते. फुकट म्हणून दर्जा खालचा, असंही नाही. कॅल्क्युलसच्या तीन खंडांवर गिल्बर्ट स्ट्रँग आणि एडविन हर्मन यांची नावं आहेत. जॉन मॅकमरी यांचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक वर्षानुवर्षं एका व्यावसायिक प्रकाशनाकडे होतं. सिस्टिक फायब्रोसिसने मुलगा गेल्यावर त्यांनी त्याच्या स्मरणार्थ ते २०२३ मध्ये ओपनस्टॅक्समधून सर्वांना खुलं केलं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हे एकच पुस्तक केवढा आधार आहे!

आता मुख्य गोष्ट. प्रीअल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमीजिएट अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस ही सगळी पुस्तकं एकाच ठिकाणी आहेत. विकतच्या पुस्तकांच्या बाबतीत मागच्या इयत्तेचं पुस्तक पुन्हा घेणं खिशाला जड जातं आणि मनालाही. इथे ते दोन क्लिकवर आहे. अल्जिब्राच्या पुस्तकांत भागाच्या सुरुवातीला छोटी पूर्वतयारीची चाचणी असते आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘हा चुकला तर अमुक उदाहरण पाहा’ असा नेमका निर्देश असतो. भाग संपला की स्वतःला तपासायचा तक्ता येतो: आत्मविश्वासाने जमतं, थोड्या मदतीने जमतं, की जमतच नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे.

कॅल्क्युलसच्या पुस्तकात मात्र असा निर्देश नाही, तो आपला आपण लावावा लागतो. गणित अडलं की आधी अडलेल्या ओळीवर खूण करा आणि विचारा: ही ओळ कॅल्क्युलसची आहे की बीजगणिताची? पहिल्या खंडातल्या २.३ मध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्या भागात, शून्य भागिले शून्य येणाऱ्या लिमिट आहेत. तिथे अडणाऱ्यांना लिमिटची कल्पना बहुधा कळलेली असते, अवयव पाडता येत नसतात. त्यांनी एलिमेंटरी अल्जिब्राचं सातवं प्रकरण काढावं. अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक आला की गोंधळ होत असेल, तर त्याच पुस्तकातला ८.५. चेन रूल, म्हणजे ३.६, डोक्यात शिरत नसेल तर ‘फंक्शनच्या आत फंक्शन’ ही कल्पनाच कच्ची आहे. ती प्रीकॅल्क्युलसच्या १.४ मध्ये आहे. दुसऱ्या खंडात त्रिकोणमितीचं सब्स्टिट्यूशन अडलं तर प्रीकॅल्क्युलसचं सातवं प्रकरण, आणि पार्शल फ्रॅक्शन अडले तर त्याच पुस्तकातला ९.४. मागच्या भागातलं सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः करायचं, विषम क्रमांकाची दहा-बारा गणितं सोडवायची आणि त्याच दिवशी कॅल्क्युलसच्या मूळ गणिताकडे परत यायचं. अख्खं मागचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. दोन आठवडे जातात, वर्ग पुढे निघून जातो आणि भीती दुप्पट होते.

विषम क्रमांकच का? पुस्तकाच्या शेवटी उत्तरं फक्त त्यांचीच आहेत. बाकीची उत्तरं शिक्षकांसाठी राखलेली आहेत आणि ती मिळवायला शिक्षक म्हणून खात्याची पडताळणी होते. उत्तर लगेच ताडून पाहायचं असेल तर मायओपनमॅथ हे फुकट संकेतस्थळ जोडीला घ्यावं. तिथे शिक्षकाशिवाय स्वतः शिकायचे अभ्यासक्रमही आहेत.

छापून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पहिल्या खंडाची शेवटची दोन प्रकरणं, इंटिग्रेशन आणि त्याचे उपयोग, दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला जशीच्या तशी येतात. दुसऱ्या खंडाचं सातवं प्रकरण हेच तिसऱ्याचं पहिलं. तीनही खंड सरसकट छापले तर शेकडो पानं दुबार जातात. फक्त सरावाची पानं छापावीत, वाचन पडद्यावर करावं. फिजिक्सच्या आकृत्यांत रंगांना अर्थ असतो, काळ्या-पांढऱ्या प्रतीत बाण ओळखू येत नाहीत. फोनवर पीडीएफपेक्षा वेबची पानं बरी, कारण मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसतो. इंटरनेट रोज नसेल तर पीडीएफचे प्रकरणवार तुकडे करून ठेवावेत. चुकांच्या दुरुस्त्या वेबवर आधी होतात, त्यामुळे उत्तर जुळत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी त्या पुस्तकाची दुरुस्त्यांची यादी पाहावी.

दोष आहेत, आणि ते माहीत असावेत. कॅल्क्युलसमधल्या उपयोजनांत फूट आणि पाउंड डोकावतात. पहिल्या खंडाच्या ६.५ मध्ये पाण्यासाठी कधी दर घनफुटाला ६२.४ पाउंड येतात, कधी दर घनमीटरला ९८०० न्यूटन. ही दोन्ही वजनाची घनता आहे, गुरुत्व त्यात आधीच धरलेलं आहे. मीटर-किलोग्रॅमच्या (एसआय) एककांची सवय असलेला विद्यार्थी पुन्हा ९.८ ने गुणतो आणि उत्तर चुकतं. लिमिटची काटेकोर व्याख्या २.५ मध्ये येते, पण गणितात पदवी घेणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही.

ओपनस्टॅक्सच्याच युनिव्हर्सिटी फिजिक्स या पुस्तकात वेगळाच पेच आहे. पहिल्या खंडाच्या ३.६ मध्येच इंटिग्रेशन वापरलंय, आणि कॅल्क्युलसमध्ये ते पाचव्या प्रकरणात येतं. दोन्ही विषय एकाच सत्रात घेणाऱ्याने घातांकाच्या नियमाचं इंटिग्रेशन आधी शिकून ठेवावं. सोपं वाटतं म्हणून कॉलेज फिजिक्स हे पुस्तक धरू नये. ते कॅल्क्युलसशिवाय लिहिलेलं आहे, फिजिक्सच्या पदवीला अपुरं पडतं. युनिव्हर्सिटी फिजिक्सच्या पहिल्या खंडातला बलांच्या आकृत्या काढायचा ५.७ हा भाग मात्र कुणीही गाळू नये. न्यूटनच्या नियमांवरची गणितं चुकतात ती बहुधा एखादं बल काढायचंच राहिल्यामुळे.

पुढच्या वर्षांसाठी कपाट रिकामं होत जातं. रिअल ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा ओपनस्टॅक्सकडे नाहीत. ती उणीव यिर्झी लेबल यांचं बेसिक ॲनालिसिस आणि टॉम जडसन यांचं ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा भरून काढतात, तीही फुकट आहेत. लिनिअर अल्जिब्रासाठी जिम हेफरॉन यांचं पुस्तक घ्यावं, त्यात सरावाची उत्तरंही आहेत.

पुस्तकाने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या २१,८२२ विद्यार्थ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खुली पुस्तकं आल्यावर नापास होणं, कमी श्रेणी मिळणं आणि विषय सोडणं कमी झालं, आणि गरजूंसाठी असलेलं पेल अनुदान घेणाऱ्यांत ही घट अधिक होती. ही आधीच्या आणि नंतरच्या सत्रांची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून केलेला प्रयोग नव्हे, हे ध्यानात ठेवावं. चिठ्ठ्या टाकून तपासलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचं आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ‘असॅप’ योजनेत पुस्तकांच्या मदतीबरोबर उरलेल्या शुल्काची माफी, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटणारा सल्लागार होता. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करणारे योजनेबाहेरच्या गटात २२ टक्के होते, योजनेतल्या गटात ४० टक्के. विषय सगळे होते, फक्त विज्ञान नव्हे. पण ही झेप एकट्या पुस्तकाने होत नाही, हे त्यावरून उघड दिसतं.

शिक्षकांनी हे पुस्तक लावताना गृहपाठाची व्यवस्था आधी तपासावी. गृहपाठ एखाद्या प्रकाशकाच्या सशुल्क प्रणालीवर असेल, तर पुस्तक फुकट असूनही प्रवेशसंकेत (ॲक्सेस कोड) विकत घ्यावाच लागतो, आणि चाचणी कालावधी संपला की गुण थांबतात. अभ्यासक्रमाच्या पत्रकात प्रत्येक आठवड्यासमोर कॅल्क्युलसच्या भागाचा क्रमांक आणि शेजारी मागच्या पुस्तकातल्या भागाचा क्रमांक छापावा. म्हणजे मागे वळणं हा अभ्यासक्रमाचाच भाग ठरतो आणि ते लपूनछपून करावं लागत नाही.