कुर्विगर: पुणे ते गुहागर राइडच्या आखणीत पारखलेले साधन

पुण्याहून गुहागरला जाण्यासाठी मोबाइलमधला नेहमीचा नकाशा उघडला, तर तो सर्वांत कमी वेळाचा रस्ता पुढे करतो, आणि त्याच्या परीने ते योग्यच असते. मोटारसायकलवर निघालेल्या माणसाचा हिशेब मात्र वेगळा असतो. त्याला ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यामार्गे श्रीवर्धन गाठायचे असते, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची असते, केळशीपासून हर्णैपर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवायचा असतो आणि दाभोळला पुन्हा एकदा फेरीने वाशिष्ठी पार करून धोपाव्याला उतरायचे असते. हा सगळा हट्ट नकाशाला समजावून सांगायचा, तर रस्त्यावर नेमक्या जागी वेपॉइंट, म्हणजे मार्ग जिथून जायला हवा असे बिंदू, ठेवावे लागतात. ते काम किती सहज आणि किती बिनचूक करता येते, एवढ्या एकाच कसोटीवर मी मार्ग आखण्याच्या साधनांची पारख करते. गेले दोन हंगाम मी त्यासाठी ‘कुर्विगर’ वापरते आहे.

जर्मन भाषेत ‘कुर्विग’ म्हणजे वळणावळणाचे आणि ‘कुर्विगर’ म्हणजे त्याहून अधिक वळणांचे. नावातच त्याचे काम आले. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशाची माहिती आणि ग्राफहॉपर हे मार्ग काढणारे इंजिन यांच्यावर ते उभे आहे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते चालते आणि मोबाइलसाठी त्याचे ॲपही आहे. सर्वांत जलद रस्त्यापासून अतिशय वळणदार रस्त्यापर्यंत त्यात पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. शिवाय महामार्ग, टोलचे रस्ते, फेरी आणि कच्चे रस्ते टाळायचे की नाही, हेही आपणच सांगायचे असते. युरोपातल्या रायडरांसाठी केलेले हे साधन कोकणात उपयोगी पडेल का, अशी शंका मला सुरुवातीला होती. सह्याद्रीचे घाट आणि खाड्यांना वळसे घालत जाणारा सागरी मार्ग त्यात टाकून पाहिल्यावर ती शंका राहिली नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे थांबा आणि शेपिंग पॉइंट यांच्यात त्याने केलेला फरक. थांबा म्हणजे जिथे आपण खरोखर पोचायचे आहे ती जागा. तिथे गेल्याखेरीज पुढची वाट सुरू होत नाही. शेपिंग पॉइंटचे काम केवळ मार्गाला हव्या त्या अंगाने वळवण्याचे असते, त्यामुळे तो पार झाला तरी त्याची वाच्यता होत नाही. हा भेद कागदावर बारीक वाटतो, पण गाडीवर बसल्यावर त्याची किंमत कळते. यापूर्वी मी वापरत असलेल्या एका ॲपमध्ये प्रत्येक बिंदू हा थांबाच मानला जात असे. हर्णैच्या बाजारात ठेवलेला असा एक बिंदू मासळीच्या लिलावाची गर्दी पाहून मी बाहेरूनच टाळला, आणि पुढे दापोली येईपर्यंत हेल्मेटमधल्या स्पीकरवर मला मागे वळण्याच्या सूचना ऐकाव्या लागल्या. अरुंद रस्त्यावर, समोरून एसटी येत असताना, कानात अशी सूचना येत राहणे हे नुसते त्रासदायक नसते, तर धोक्याचे असते.

आता मी गुहागरची राइड आखताना थांबे मोजकेच ठेवते. माणगावला टाकी भरण्यासाठी एक, बागमांडल्याच्या आणि दाभोळच्या जेट्टीवर एकेक, जेवणासाठी एक आणि मुक्कामाचा शेवटचा. बाकीचे सगळे शेपिंग पॉइंट असतात. त्यांतला आडे गावाजवळचा बिंदू मला फार महत्त्वाचा वाटतो. केळशीहून पुढे जाताना मार्गाची ओढ आतल्या बाजूच्या दापोली रस्त्याकडे असते. आडे येथे एक बिंदू ठेवला की सगळी रेघ किनाऱ्याकडे ओढली जाते आणि पाडले, आंजर्ले अशी गावे घेत खाडीवरच्या पुलावरून हर्णैला उतरते. एका बिंदूने दिवसाचे रूप बदलते, म्हणून तो कुठे ठेवायचा याचा विचार घाईने करू नये.

बिंदू ठेवताना नकाशा शक्य तितका मोठा करून पाहावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. चौकाच्या नेमक्या मध्यावर बिंदू ठेवू नये. फाटा ओलांडून हव्या त्या रस्त्यावर दोन-तीनशे मीटर पुढे ठेवावा, म्हणजे वळण कोणत्या बाजूला घ्यायचे याबद्दल संदिग्धता राहत नाही. दुभाजक असलेल्या महामार्गावर तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. परतीसाठी मी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढते आणि कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ करत उंब्रजला पुणे-बंगळूर महामार्गाला लागते. तेथे ठेवलेला माझा बिंदू एकदा चुकून कराडकडे जाणाऱ्या बाजूवर पडला होता. पडद्यावर ती चूक नखाएवढीही दिसत नव्हती, पण मार्ग आधी दक्षिणेकडे जाऊन, वळून, पुन्हा उत्तरेला येत होता. एकूण अंतराचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त दिसला म्हणून मी शोध घेतला आणि बिंदू पलीकडच्या बाजूला सरकवला. बिंदू हलवल्याबरोबर नवी रेघ आणि नवे अंतर समोर येते, त्यामुळे अशी तपासणी करणे कुर्विगरमध्ये कंटाळवाणे होत नाही.

वळणांच्या पायऱ्यांबद्दल माझे मत असे आहे की कोकणात सर्वांत वरची पायरी निवडण्याची गरज नाही. आपल्याकडचा साधा जिल्हा मार्गसुद्धा पुरेसा वळणदार असतो. अतिशय वळणदार रस्त्याचा आग्रह धरला, तर मार्ग वाड्यावस्त्यांमधून आणि घरांच्या अंगणांना लागून जाणाऱ्या अरुंद वाटांवर शिरण्याची शक्यता वाढते. दोन बिंदूंमधल्या प्रत्येक टप्प्याला वेगळी पायरी देता येते, ही सोय येथे कामी येते. पुण्याबाहेर पडेपर्यंतचा भाग मी जलद ठेवते, पौडपासून पुढे वळणदार करते आणि परतीचा महामार्ग पुन्हा जलद ठेवते.

रस्त्याच्या पृष्ठभागाविषयीचा विश्वास मात्र बेताचाच ठेवावा. ओपनस्ट्रीटमॅपवरची माहिती स्वयंसेवक भरतात आणि ज्या रस्त्याचा पृष्ठभाग कोणी नोंदवलेलाच नाही, तो डांबरी की खडीचा हे कोणतेही साधन सांगू शकत नाही. अनोळखी टप्पा मी आधी उपग्रहचित्रावर पाहून घेते आणि शक्य झाल्यास वाटेतल्या गावातल्या कोणाला तरी फोन करते. पावसाळ्यात भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट दरडींमुळे बंद ठेवण्याची वेळ वारंवार येते. अशा बंदीचा आदेश जिल्हा प्रशासनाकडून निघतो. तो नकाशावर उमटलेला असेलच असे गृहीत धरून घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबण्यात अर्थ नाही.

फेरीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. फेरी टाळण्याचा पर्याय चुकून चालू राहिला, तर बागमांडल्याची खाडी ओलांडण्याऐवजी मार्ग आंबेत-म्हाप्रळच्या पुलाकडून लांबचा वळसा घेतो, म्हणून आखणी सुरू करतानाच तो पर्याय पाहून घ्यावा. जेट्टीवर बोटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ कोणत्याही अंदाजात धरलेला नसतो. मी प्रत्येक फेरीसाठी पाऊण तास मोकळा ठेवते आणि शेवटची बोट किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी विचारून घेते. खाडीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे बागमांडल्याला आणि वेश्वीला, स्वतंत्र बिंदू ठेवले की मार्ग बोटीतूनच जातो, याची खात्री होते.

तयार झालेला मार्ग जीपीएक्स फाइलच्या रूपात, म्हणजे वेगवेगळ्या ॲपना आणि उपकरणांना वाचता येईल अशा स्वरूपात, बाहेर काढता येतो, आणि येथे नवख्या रायडरचा गोंधळ हमखास होतो. जीपीएक्समध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. वेपॉइंट म्हणजे सुटे बिंदू. रूट म्हणजे क्रमाने लावलेले बिंदू, ज्यांच्यामधली वाट फाइल उघडणारे उपकरण आपल्या नकाशानुसार स्वतः काढते. आणि ट्रॅक म्हणजे जवळजवळच्या शेकडो बिंदूंनी आखलेली पक्की रेघ, जिच्यात कोणी फेरफार करत नाही. आमच्या गटात सहा गाड्या असतात आणि प्रत्येकाचे उपकरण वेगळे असते. एकच रूट सर्वांना पाठवला, तर कोणाचे उपकरण आडेऐवजी दापोलीकडून नेईल याचा नेम नाही. म्हणून मी सर्वांना ट्रॅक पाठवते आणि त्यासोबत पेट्रोल, जेट्टी आणि जेवण यांचे सुटे वेपॉइंट देते. कुर्विगर फाइल काढताना यांतले काय काय हवे ते निवडू देते, ही त्याची मला सर्वांत आवडलेली दुसरी गोष्ट.

खर्चाचे म्हणाल, तर ब्राउझरवर मार्ग आखण्याची मूळ सोय मोफत आहे. आवाजी मार्गदर्शन आणि इंटरनेटशिवाय चालणारे नकाशे यांसाठी वर्गणी भरावी लागते. वर्षातून एखादी राइड करणाऱ्याने मोफत आखणी करून फाइल आपल्या नेहमीच्या ॲपमध्ये घ्यावी, त्याचे काही अडणार नाही. ताम्हिणीत आणि वेळासच्या परिसरात मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते, त्यामुळे वारंवार फिरणाऱ्याला ऑफलाइन नकाशाची गरज भासते, आणि मी स्वतः वर्गणी भरते ती तेवढ्यासाठीच. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून, फोन विमान मोडवर टाकून, मार्ग उघडतो की नाही हे मी एकदा पाहून ठेवते. ती तपासणी झाली की सकाळी पौड रस्त्याला लागताना लक्ष फक्त रस्त्यावर ठेवता येते.