बल्ब बघितला, पॅनलची पाठ बघितली नाही

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. १९,५०० रुपये. त्यातले बारा हजार रोख आणि साडेसात हजार फोनवरून. सोयाबीनची पट्टी हातात येऊन चारच दिवस झाले होते, म्हणजे पैसा खिशात होता आणि डोकं जरा हवेत.

आमची औसा तालुक्यात चार एकर जमीन आहे, गावापासून दीड किलोमीटरवर. विहिरीवर मोटारीचं कनेक्शन आहे, पण शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. एरवी शेडवर मिट्ट काळोख. हरभरा जरा वर आला की रानडुकरं बोलावल्यासारखी येतात, म्हणून रात्री कुणीतरी शेतात झोपावंच लागतं. आमचे सालगडी झोपतात. त्यांच्यासाठी चार बल्ब, एक पंखा, मोबाईलचं चार्जिंग आणि कुंपणाला झटका मशीन, एवढंच मला सोलरवर पाहिजे होतं. मागणी मोठी नव्हती.

दसरा-दिवाळीच्या मधल्या आठवडी बाजारात एक पिकअप उभी होती. मागे फ्लेक्स, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो आणि ठळक अक्षरात ‘शेतकरी सौर ऊर्जा योजना’. टेबलावर एक बॅटरी, तिला जोडलेला बल्ब भरदुपारी लखलखत होता आणि पंखा माझ्या तोंडावर वारा टाकत होता. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पोरगा बोलायला गोड.

“काका, सेटची किंमत ४६,००० आहे. सबसिडी वजा जाता तुम्हाला फक्त १९,५००. कोटा आज संध्याकाळी संपतो.”

मी विचारलं, “कुठल्या खात्याची योजना म्हणायची ही?”

“कुसुमच आहे काका, सोलर पंपाची ऐकली असेल ना, त्यातलाच लाईटचा भाग.”

इथं मी फसलो. कुसुम हे नाव मी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं नाव कानावर पडलं की माणूस पुढचं विचारत नाही. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. आपल्याकडे २०२४ पासून महावितरणची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. शिवाय फीडरच सौरऊर्जेवर आणायची ‘सौर कृषी वाहिनी’ वेगळी. तिन्ही खऱ्या आहेत. पण नावं इतकी सारखी की आमच्या पारावर बसलेल्या दहा जणांना विचारा, दहा जण त्यांची खिचडी करून सांगतील. हे ठग त्या खिचडीवरच जेवतात.

पंपाच्या योजनेत पैसे कुठं आणि कसे भरायचे हे मला नंतर कळलं. अर्ज ऑनलाईन. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढं साडेसात. सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच, आणि तोही पोर्टलवरच भरायचा. त्यानंतर यादीतली कंपनी आपण निवडायची. यात बाजारात पिकअपपाशी उभं राहून कुणाच्या हातात नोटा द्यायचा प्रसंगच येत नाही. पंपाच्या नावानं खोट्या वेबसाईटही निघतात. सरकारनं त्याबद्दल वारंवार सावध केलेलं आहे. तेव्हा पत्त्याच्या शेवटी काय लिहिलंय ते नीट वाचा.

असो. मी पैसे दिले. त्यांनी त्याच संध्याकाळी शेडवर येऊन सगळं बसवून दिलं, हे खरं. दोन पॅनल, प्रत्येकी ‘२५० वॅट’. ‘१५० एएच’ची बॅटरी, एएच म्हणजे साठवणुकीचं माप. इन्व्हर्टरचा एक डबा. बॅटरी गाडीतून उतरवताना एका सडपातळ पोरानं ती एकट्यानं उचलून शेडात नेली. मी कौतुकानं बघत राहिलो. १५० एएचची चांगली ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या पुढे भरते, हे तेव्हा माहीत असतं तर कौतुकाऐवजी दुसरंच काहीतरी केलं असतं.

बल्ब लागले. सालगडी म्हणाले, “मालक, आता दिवाळी शेतातच करू.” पहिले पंधरा दिवस खरंच झकास गेले. मग रात्री दहालाच बल्ब पिवळे पडायला लागले. मी म्हणलं, थंडीचे दिवस, ऊन कमी. ढग आले की ढगांवर ढकललं. पॅनल पुसले, वायरी घट्ट केल्या. आपण घेतलेली वस्तू खोटी आहे हे मान्य करायला माणसाला फार वेळ लागतो, मला दीड महिना लागला.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर शेतात होतं. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, पाहुणे. अंधार पडल्यावर भांडी आवरायला बायकोनं बल्ब लावला आणि अर्ध्या तासात तो विझला. पोरं हेंडगा पेटवून शेताला फेरी मारत होती, त्या उजेडात आम्ही पातेली गोळा केली. पाहुण्यांत माझा भाचा होता. आयटीआय झालेला, लातुरात वायरमनची कामं करतो. म्हणाला, “मामा, उद्या दुपारी बाराला मीटर घेऊन येतो.”

आला. आधी मीटर काढलाच नाही, टेप काढला. एक पॅनल साडेचार-पावणेपाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद. म्हणजे साधारण एक चौरस मीटर. मग त्यानं मला जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा, यासाठी शिक्षण लागत नाही. एक चौरस मीटरवर भर उन्हात साधारण हजार वॅटचं ऊन पडतं. चांगला पॅनल त्यातलं पंधरा ते बावीस टक्के विजेत बदलतो. म्हणजे एवढ्या आकाराचा पॅनल नवाकोरा असला तरी दीडशे, फार तर सव्वादोनशे वॅट देईल. जुन्या निळ्या पद्धतीचा असेल तर दीडशेच्या आसपासच, आणि आमचे निळेच होते.  त्यावर ‘२५०’ लिहिणं म्हणजे बैलगाडीवर बुलेटची नंबरप्लेट लावणं.

मग पॅनल उतरवून उलटा केला. पाठीमागच्या स्टिकरचा कोपरा भाच्यानं नखानं खरवडला. वरचा चकचकीत कागद सुटला, खाली दुसऱ्या स्टिकरचे पिवळे, चिकट अवशेष. वायरीच्या डबीभोवती नवं सिलिकॉन फासलेलं होतं, तेही अंगठ्याचे ठसे उमटलेलं. परत समोरून बघितलं तर काचेखाली बारीक तपकिरी रेषा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. कुठून तरी काढलेले जुने पॅनल. भर बाराच्या उन्हात मीटरवर २०.६ व्होल्ट, तारा जोडून करंट साडेपाच अँपियर. भाच्यानं हिशेब केला, शंभर वॅटच्या आतच. दोन्ही मिळून एकाचंसुद्धा काम नाही.

बॅटरीची गत त्याहून वाईट. झाकणाला नवा रंग, पण जिथं बनवल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं तिथं कानशीनं घासलेलं. सहा खणांतल्या ॲसिडचा दाटपणा हायड्रोमीटरनं बघितला. भरलेल्या बॅटरीला १.२४० च्या आसपास पाहिजे. पाच खण कसेबसे, सहावा मेलेला. बारा व्होल्टची म्हणून घेतलेली बॅटरी साडेदहावर बसली होती. झटका मशीन मध्यरात्रीनंतर गप्प का व्हायचं आणि कोपऱ्यातला हरभरा कुणी उकरला, याचं उत्तर त्या एका खणात होतं.

बिल होतं माझ्याकडं. फ्रेम करून ठेवावं असं. रंगीत, शिक्का मारलेलं, वर ‘कोटेशन’ लिहिलेलं, जे बिल नसतंच. जीएसटी नंबर भाच्यानं मोजला, चौदा अक्षरं. असतात पंधरा. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, तो झाला होता, पुढं कुणीतरी टाईप करताना एक अक्षर खाल्लं. हा नंबर जीएसटीच्या वेबसाईटवर फुकट तपासता येतो, एक मिनिट लागतं. मी वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन लावला, तो बंद. क्यूआर कोडवर पैसे गेले ते एका बाईच्या नावावर, दुकानाच्या नव्हे.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, “पाटील, चारशेवीस आता राहिलं नाही, ३१८ झालंय.” १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, ठगांना मात्र कलम बदलल्यानं काही फरक पडलेला दिसत नाही. अर्ज घेतला, पोच दिली. फोनवरून गेलेल्या साडेसात हजारांसाठी सायबर हेल्पलाईन १९३० ला तक्रार केली. पण तिकडच्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, “पैसे कधी गेले?” दोन महिने झाले म्हणाल्यावर त्याच्या आवाजातच उत्तर होतं. हा नंबर त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासात फिरवायचा असतो. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही बोललो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडच्या पत्त्यावर आहे पंक्चरचं दुकान.

पुढं लातुरातल्या दुकानातून एकच पॅनल आणि नवी बॅटरी घेतली. दुकानदारासमोर टेप लावला, मागचं स्टिकर खरवडलं, बॅटरीवरचा महिना वाचला, पक्कं बिल घेतलं. तो हसला, पण त्यानंच बॅटरी उचलायला दुसरा माणूस बोलावला. झटका मशीन आता पहाटेपर्यंत टकटक करतं.

त्या दिवशी पिकअपवरून सेट घेणारे आमच्या शिवारात मी एकटा नव्हतो. बांधाला बांध लागून असलेल्या एका जाणत्या माणसानं माझ्या देखत पैसे मोजले होते. दोघांची तक्रार असली तर वजन पडेल म्हणून परवा संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. सगळं सांगितलं, कोटेशनचा कागद दाखवला, सही करायला चला म्हणलं.

“माझा चालतो की अजून,” ते म्हणाले. “काही तक्रार नाही आपली.”

त्यांच्या शेडात खुंटीला कंदील लटकत होता. काच काळी पडलेली, वात नुकतीच कापलेली.