१९१८ची ‘स्मारक’ गिन्नी १,१५,०००ला घेऊ नका

गिन्नी (जुनं ब्रिटिश सोन्याचं नाणं, सॉव्हरिन) खोटी नव्हती, हे आधीच सांगतो, म्हणजे ‘चेक करून घ्यायची ना’ म्हणणाऱ्यांचे कष्ट वाचतील. केली होती चेक. काट्यावर ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, व्यास २२ मिलिमीटर, सगळं बरोब्बर. बनावट होती ती सोबतची स्टोरी.

पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलवर दिसली. पंचम जॉर्ज, मागे घोडेस्वार, पायाखालच्या जमिनीवर बारीक इंग्रजी ‘आय’, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीची खूण. विकणारा म्हणे, पहिलं महायुद्ध संपल्याची आठवण म्हणून मुंबईच्या टांकसाळीत मोजक्याच पाडल्या, माझ्याकडे ही एकच, वर्षभरात दीड लाखाला मीच परत घेतो. १५,००० यूपीआयने दिले, एक लाख रोख.

आणि कळायला हवं होतं ते इथेच! ‘एकच’ म्हणणाऱ्याने पाकीट काढायला डबा उघडला तर आत तशाच तीन गिन्न्या, मी बघितल्या, तर म्हणतो त्या साध्या आहेत हो दादा. दाखवा जरा, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण मागे दोघं ‘तुम्ही घेत नसाल तर आम्ही घेतो’ करत उभे (त्याचेच असणार, आता वाटतं), अशा वेळी कोण भिंग काढून बसतं.

सराफाने ४३,८०० सांगितले. त्या दिवशी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला ६,१५०, आत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, म्हणजे ४५,०१८, थोडी कपात धरली तर हिशोब त्याचा बरोबरच होता. वर म्हणाला, ही आमच्याकडे मोडीत येते. मग वाचलं तर अशा जवळपास १३ लाख पाडल्यात! आणि पाडायला सुरुवात ऑगस्ट १९१८मध्ये, युद्ध थांबलं नोव्हेंबरात, आठवण कसली डोंबलाची? टंचाई होती म्हणून पाडल्या. खरी स्मारक सॉव्हरिन १९८९ची बघा, सॉव्हरिनला ५०० वर्षं झाली त्याची, तसं नाण्यावरच लिहिलंय. कशाचं स्मारक ते नाण्यावर दिसत नसेल तर सोन्याच्या भावापेक्षा फार वर जाऊ नका.

७१,२०० गेले. चौकीत साहेब म्हणाले, सोनं खरं आहे ना, मग फसवणूक कुठे? दिवाणी मॅटर आहे. ग्राहक तक्रारीवाल्यांनी बिल मागितलं, त्यावर फक्त ‘जुनं नाणं १ नग’, रक्कम १५,०००. (पावतीवर वर्ष, टांकसाळ, पूर्ण रक्कम, ‘परत घेईन’, सगळं लिहून मागा, कां-कूं केली की उठा.) पुन्हा चौकीत गेलो तर दुसरे साहेब मलाच विचारतात, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं आहे, पुरावस्तू कायदा माहितीये का, तुमच्याकडे आलं कुठून? अहो तेच तर सांगायला आलोय! विकणाऱ्याला लायसन्स विचारायचं सोडून माझाच जबाब. अर्ज घेतला नाही तो नाहीच, पोच मागितली तर वेड्यात काढलं.

त्याचा फोन आता लागत नाही. पुढच्या प्रदर्शनात टेबल लावेलच, मी पहिल्या दिवशी सकाळी जाणार आहे, त्याच्याकडून अशीच ‘स्मारक’ कोणी घेतली असेल तर सोबत या.