छंदाची जुनी मासिके कोणाकडे सोपवावीत? ग्रंथालय, तंत्रनिकेतन, शाळा आणि छांदिष्ट वाचक यांचा तुलनात्मक आढावा

माझ्या चुलत्यांचे परळीत रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’, ‘सायन्स टुडे’, ‘सृष्टिज्ञान’ आणि ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ यांचे अंक त्यांनी तीस वर्षे जपून ठेवले. त्यांच्या माघारी माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर उतरवण्याची वेळ आली, तेव्हा या अंकांच्या दोन संदुका आणि एक मांडणी आमच्या वाट्याला आली. त्या निमित्ताने गेली दोन वर्षे जे मार्ग आम्ही चाचपून पाहिले, त्यांची तुलना अशाच निर्णयापुढे उभ्या असलेल्या घरांसाठी येथे मांडत आहे.

कोणाला विचारण्यापूर्वी आपल्याकडे सलग संच आहे की सुटे अंक आहेत, हे पाहून घ्यावे, कारण पुढचा बहुतेक निर्णय त्यावरच ठरतो. शंभर पानांचा, ए-४ आकाराचा अंक साधारण २०० ग्रॅम भरतो. म्हणजे एका मासिकाच्या तीस वर्षांच्या ३६० अंकांचे वजन ७० किलोंच्या पुढे जाते, मात्र मांडणीवर ते पाच-सहा फुटांत मावतात. त्यामुळे घेणाऱ्याला जागेची अडचण आपल्याला वाटते तितकी नसते. न्यायची कशी, ही अडचण खरी असते. अंकांची वर्ष-महिन्यानुसार यादी करावी आणि नसलेले अंकही तीत स्पष्ट नोंदवावेत. माळवदाच्या घरात वरून माती गळते आणि भिंतीतून वाळवी येते, म्हणून प्रत्येक अंक उघडून झटकावा. भिजून वाळलेल्या गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटलेली असतील, तर ती ओढून सोडवू नयेत. गंजलेल्या पिना काढून टाकाव्यात.

पहिला विचार सार्वजनिक ग्रंथालयाचाच येतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि तालुक्याच्या गावी त्यांपैकी एखादे बहुधा असतेच. आम्हीही ‘सायन्स टुडे’चे अंक अशाच एका ग्रंथालयाला दिले. काकूंचा तेथे शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुढे सव्वा वर्षाने त्यांतले काही अंक, मुखपृष्ठावर चुलत्यांची सही असलेले, मला रद्दीच्या दुकानात तराजूजवळ दिसले. काकूंना ते मी अजून सांगितलेले नाही. त्यात कोणाची वाईट बुद्धी नव्हती, हे चौकशीअंती कळले. पुस्तक दाखल नोंदवहीत चढते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. नियतकालिकाचे तसे होत नाही, ते ठरावीक काळानंतर रद्दीत काढले जाते, आणि आपण दिलेले जुने अंकही त्याच नियमात सापडतात. त्यात स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका वाढवण्याची मागणी लातूरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे आहे, आणि ती रास्त आहे. अभ्यासिका वाढली की कपाटे कमी होतात. म्हणून ग्रंथालयाला एकच प्रश्न विचारावा: तुमचे स्वतःचे मागच्या पाच वर्षांचे अंक तुम्ही ठेवले आहेत का? उत्तर नकारार्थी असेल, तर आपले अंक तेथे राहणार नाहीत.

तरीही ग्रंथालयच हवे असेल, तर उपाय बांधणीचा आहे. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधून त्यांचा खंड केला, तर तो ग्रंथासारखा दाखल करून घेण्याची विनंती करता येते आणि मग तो सहजासहजी हलत नाही. बांधणीचा खर्च आपण सोसावा. मात्र बांधणाऱ्याला कडा न कापण्याविषयी बजावून सांगावे आणि आतल्या बाजूने शिवण खोल घेऊ देऊ नये; इलेक्ट्रॉनिक्सच्या अंकांत मंडलाच्या (सर्किटच्या) आकृत्या पानाच्या पार आतपर्यंत जातात, आणि एक रोधक (रेझिस्टर) जरी शिवणीत गेला तरी ती आकृती निरुपयोगी होते.

तंत्रनिकेतन किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था हा इलेक्ट्रॉनिक्सच्या अंकांसाठी ग्रंथालयापेक्षा मला निश्चितपणे चांगला पर्याय वाटतो. ५५५ हा टायमर, म्हणजे वेळ मोजणारी चिप, १९७२ मध्ये बाजारात आला आणि ७४१ हा प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) त्याच्याही आधीचा आहे. दोन्ही आजही तयार होतात, स्वस्त मिळतात आणि अभ्यासक्रमात शिकवले जातात. म्हणजे १९८० च्या अंकातले टायमरचे मंडल आजचा विद्यार्थी दुपारभरात जोडून पाहू शकतो. एसी १२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर आधारलेली मंडले मात्र आता वाचण्यापुरतीच उरली आहेत, कारण तो भाग सहज मिळत नाही. देण्यापूर्वी यादीत अशा खुणा केल्या, तर शिकवणाऱ्याचे काम हलके होते. या पर्यायातला धोका बदलीचा आहे. आवडीने अंक मागून घेणारे सर दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि अंक प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद होतात. म्हणून सुपूर्द करताना पत्र प्राचार्यांच्या नावे द्यावे आणि पोच संस्थेच्या शिक्क्यानिशी घ्यावी.

शाळांबद्दल थोडक्यात सांगता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत संच देऊ नये, सुटे अंक जरूर द्यावेत. मुले ते हाताळतील, विज्ञान प्रदर्शनासाठी चित्रे कापतील आणि दोन-तीन वर्षांत अंक संपतील. परंतु संच आधीच तुटलेला असेल, तर त्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. मराठी अंकांना येथे इंग्रजी अंकांपेक्षा अधिक वाचक मिळतात.

सगळ्यांत जपणूक होते ती छांदिष्ट व्यक्तीकडे. जुने रेडिओ जमवणारे, दुर्बिणी बनवणारे, हौशी बिनतारी संदेशक (हॅम रेडिओवाले) असे लोक संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे आहेत, आणि एकाचा पत्ता लागला की तो दुसऱ्याचा सांगतो. खरा घेणारा ओळखणे अवघड नसते: तो किंमत विचारण्याआधी कोणते अंक नाहीत ते विचारतो. त्याच्याकडे अंक उघडले जातात आणि धूळ खात नाहीत. पण त्याच्यानंतर त्याच्या घरच्यांपुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार असतो, म्हणून पुढे कोणाला द्यायचे याचे बोलणे त्याच्याशी आधीच करून ठेवावे. पैसे घेऊन द्यायचे असल्यास हाच मार्ग आहे. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत आम्ही विचारून पाहिले, तेव्हा जुन्या मासिकांना वजनाखेरीज दुसरा भाव कोणी सांगितला नाही.

दूरच्या मोठ्या ग्रंथालयाला सरसकट अंक पाठवू नयेत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार, आणि १९५६ पासून नियतकालिकांच्याही बाबतीत, प्रकाशकांनी कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या ठिकाणी प्रती देणे बंधनकारक आहे. तेथे संच असण्याची शक्यता मोठी, आणि हवे असतात ते मधले गहाळ अंक. यादी पाठवून विचारले, तर आपले दहाच अंक त्यांच्या कामी येतील, पण ते खऱ्या अर्थाने कामी येतील. टपालाचा खर्चही लक्षात घ्यावा. टपाल खात्याच्या १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञानपोस्ट सेवेत ५ किलोंपर्यंतची पुस्तके १०० रुपयांत, कर वेगळा, जातात. परंतु ठरावीक काळाने निघणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशने तीत बसत नाहीत, म्हणून मासिकांना हा दर मिळत नाही. मराठवाड्यातल्या मराठवाड्यात एसटीचे पार्सल किंवा ओळखीची गाडी सोयीची पडते.

अंक स्कॅन करून ठेवावेत आणि कागद सोडून द्यावेत, असे अनेकांनी सुचवले. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमाप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक परवानगीवाचून सार्वजनिक करता येत नाहीत. स्वतःच्या अभ्यासापुरते काही लेख टिपून ठेवणे वेगळे. अनुक्रमणिकांची छायाचित्रे मात्र अवश्य काढावीत. घेणाऱ्याला यादीपेक्षाही त्यांचा उपयोग अधिक होतो.

आमच्याकडे आता असे ठरले आहे: ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चा संच, त्यातले सात गहाळ अंक नोंदवून, एका रेडिओसंग्राहकाकडे जाईल आणि त्याच्यानंतर तंत्रनिकेतनाकडे, तसे पत्र दोघांच्या सह्यांनी तयार आहे. ‘सृष्टिज्ञान’चे सुटे अंक गावच्या शाळेत पोचले आहेत. ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिके’ची नऊ वर्षे बांधायला टाकली आहेत, कडा न कापता.