सात इंची स्पेक्ट्रोमीटर : व्हर्निअर चोख, स्लिट कच्ची

नागपूरच्या सीताबर्डीवरील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून मी गेल्या पावसाळ्यात अंबाला बनावटीचा सात इंची स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशातल्या रंगरेषांचे कोन मोजणारे यंत्र) साडेअकरा हजार रुपयांना घेतला आणि बी.एस्सी.च्या मुलांना शिकवण्यासाठी गेले आठ महिने तो धरमपेठेतल्या घरी वापरतो आहे. पेटी उघडताच दुकानदार म्हणाले, ‘सर, तीस सेकंदांचं व्हर्निअर आहे.’ या यंत्रांचा भाव लघुतम मापावरूनच, म्हणजे कोनाचा किती लहान भाग वाचता येतो यावरूनच ठरतो (एक अंश म्हणजे साठ मिनिटे, एक मिनिट म्हणजे साठ सेकंद), त्यामुळे त्यात त्यांची चूक नाही. परंतु या यंत्राची अचूकता व्हर्निअरपाशी, म्हणजे बारीक वाचनाच्या सरकत्या पट्टीपाशी नव्हे, तर स्लिटपाशी, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या बारीक फटीपाशी अडते, आणि नेमका तिथेच बनवणाऱ्याने हात आखडता घेतला आहे, असे माझे मत झाले आहे.

सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. इंचाला १५,००० रेघा असलेल्या ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या काचेतून) त्या पहिल्या कोटीत, म्हणजे मधल्या सरळ प्रकाशाच्या बाजूला वर्णपट पहिल्यांदा उमटतो तिथे, सुमारे २०.४ अंशांवर दिसतात आणि त्यांच्यातील कोन जेमतेम १.३ मिनिटे भरतो. दुसऱ्या कोटीत, ४४ अंशांच्या आसपास, तोच कोन ३.४ मिनिटांपर्यंत रुंदावतो. तीस सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, तेव्हा कागदावर ही कामगिरी सोपी वाटते. परंतु कोलिमेटरची, म्हणजे स्लिटमधून आलेला प्रकाश समांतर करणाऱ्या नळीची, लांबी सात इंच असताना स्लिट ०.१ मिलिमीटर उघडी ठेवली, तर तिची प्रतिमाच जवळजवळ दोन मिनिटे रुंद पडते आणि पहिल्या कोटीत दोन रेषांचा एक जाड पिवळा पट्टा होऊन बसतो. ती ०.०५ मिलिमीटरवर आणली की प्रतिमा एका मिनिटाच्या आत येते आणि मधली काळी फट दिसू लागते. दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची ग्रेटिंगची स्वतःची क्षमता या गरजेच्या कितीतरी पुढे असते. प्रकाशाखाली दोन सेंटिमीटर ग्रेटिंग आले तरी सुमारे १२,००० रेघा कामाला लागतात, आणि या जोडीसाठी हजारभर पुरतात.

माझ्याकडे आलेल्या यंत्रात स्लिटचे दोन्ही जबडे समांतर नव्हते. वर फट रुंद, खाली अरुंद, त्यामुळे रेषा पाचरीसारखी दिसत असे आणि दुर्बिणीतली खुणेची तार, म्हणजे क्रॉसवायर, तिच्या नेमक्या कुठल्या भागावर ठेवायची हा प्रश्न प्रत्येक मुलगा आपापल्या परीने सोडवत असे. एकाच रेषेच्या वाचनात चौघांत दीड मिनिटाचा फरक पडू लागल्यावर तीस सेकंदांच्या व्हर्निअरचे कौतुक संपले. स्लिट बदलून मागितली तेव्हा ‘आठ दिवसांत येईल’ असे उत्तर मिळाले आणि ती सव्वीस दिवसांनी आली, तीही टपालखर्च माझ्याकडून घेऊन. नवी स्लिट मात्र बरी आहे. तिच्यावर धूळ बसली की वर्णपटात आडव्या काळ्या रेघा उमटतात. काडीपेटीच्या काडीचे टोक तासून ते फटीतून अलगद फिरवले की त्या जातात.

बाकी यंत्राबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. वर्तुळावरील आखणी स्वच्छ आहे. वर्तुळाच्या समोरासमोरच्या दोन व्हर्निअर-खिडक्यांतील वाचनांत माझ्या यंत्रावर तीन मिनिटांपर्यंत तफावत येते, परंतु तो दोष म्हणता येणार नाही; वर्तुळाचे आणि दुर्बिणीच्या अक्षाचे केंद्र तंतोतंत एक नसल्यामुळे ती येते आणि दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की नाहीशी होते. वेळ वाचवण्यासाठी एकच खिडकी वाचण्याची जी सवय अनेक महाविद्यालयांत आहे, तिने महागडे यंत्रही स्वस्त होते. सूक्ष्म फिरकीला थोडी ढिलाई आहे, म्हणून रेषेवर नेहमी एकाच दिशेने यावे. पाऱ्याच्या ५४६.१ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेवरून ग्रेटिंगच्या रेघांचे अंतर आधी काढून घेतले आणि मग दुसऱ्या कोटीत सोडियम मोजला, तेव्हा सरासरी तरंगलांबी ५८९.२ आली. दुसऱ्या कोटीत व्हर्निअरचे एक घर (तीस सेकंद) ०.०९ नॅनोमीटरचे असते, हे लक्षात घेता घरच्या टेबलावर याहून अधिक काय मागायचे?

या मोजमापाची गंमत मुलांना हेलियमवरून चांगली कळते. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या ज्वाळांमध्ये दिसलेली पिवळी रेषा आधी सोडियमचीच वाटली होती, ती ५८७.६ वर आहे, म्हणजे सोडियमच्या जवळच्या रेषेपासून १.४ नॅनोमीटर दूर. पहिल्या कोटीत एक घर ०.२३ नॅनोमीटरचे, म्हणजे हा फरक सहा घरांचा भरतो. एक नवे मूलद्रव्य या सहा घरांत दडलेले होते. (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला असे आपल्याकडे अजूनही छापले जाते. त्या ग्रहणाच्या वेळी तो इंग्लंडमध्ये होता, गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. विजयदुर्गावर लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि त्याच ग्रहणासाठी इकडे वर्ध्यापलीकडच्या पुलगावलाही इंग्रज निरीक्षक वर्णपटाची यंत्रे घेऊन उतरले होते.)

याच यंत्राने ताऱ्यांचा वेग मोजता येईल का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. ताऱ्याच्या वेगामुळे त्याच्या रेषा किंचित सरकतात, आणि दुसऱ्या कोटीतील एक घर वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ४५ किलोमीटर होते. ताऱ्याभोवतीचा ग्रह ओळखायचा तर ताऱ्याचे डुलणे मोजावे लागते, आणि गुरूच्या ओढीने सूर्य जो डुलतो त्याचा वेग सेकंदाला १२.५ मीटर आहे. यावर अधिक बारीक व्हर्निअर हा उपाय नाही. नागपुरात जानेवारीच्या सकाळी १५ अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश असतात. तेवढ्या फरकाने हवा विरळ होते आणि सोडियमची तरंगलांबी सुमारे ०.०१५ नॅनोमीटरने सरकते. माझ्या व्हर्निअरला ते कळतही नाही, परंतु वेगात मोजले तर ती सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटरची चूक आहे. माउंट अबूवरील ‘पारस’ हा ताऱ्यांचे असे वेग मोजणारा भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेचा वर्णपटलेखक म्हणूनच निर्वात पात्रात, तापमान काटेकोर राखून ठेवलेला आहे, आणि ताऱ्याच्या प्रकाशाबरोबरच ठाऊक तरंगलांबींच्या दिव्याच्या रेषा शेजारी नोंदवल्या जातात, जेणेकरून यंत्र जरासे सरकले तरी मोजपट्टीही त्याच्याबरोबर सरकते. मी पाऱ्याच्या रेषेवरून ग्रेटिंग तपासतो ते याच विचाराचे घरगुती रूप आहे.

हे यंत्र घ्यावे का, तर घ्यावे, परंतु दुकानातच सोडियम लॅम्प लावून मागावा. तो तापायला दहा मिनिटे लागतात, तेवढी दुकानदाराने द्यावीत आणि आपणही थांबावे. दुर्बीण ४४ अंशांवर नेऊन स्लिट हळूहळू मिटत जावी. दोन रेषा वरपासून खालपर्यंत सारख्याच अंतरावर, सारख्याच जाडीच्या राहिल्या तर पैसे द्यावेत. खाली मिटल्या आणि वर उघड्या राहिल्या, तर दुसरी पेटी उघडायला सांगावी.