तीस ब्लँक, बाहेरून काळे

लेथवर पेन कातणाऱ्यांपैकी कुणी 'आफ्रिकन ब्लॅकवुड' म्हणून ऑनलाइन ब्लँक (पेन कातायचे लाकडाचे चौकोनी तुकडे) मागवायच्या बेतात असेल, तर आधी हे वाचा. माझे तीस ब्लँकचे पैसे पाण्यात गेले. खरं ब्लॅकवुड पाण्यात बुडतं, माझं मात्र आरामात तरंगत होतं. हा प्रयोग सुचला तेव्हा उशीर झाला होता, एवढंच.

ब्लॅकवुडचा मोह का पडतो, हे ज्याने एकदा ते कातलंय त्याला सांगायला नको. शिसवीच्या कुळातलं लाकूड, घट्ट आणि अंगचंच तेलकट. सनईसारखं फुंकून वाजवायचं क्लॅरिनेट पिढ्यान्‌पिढ्या याचंच होत आलंय. गौज, म्हणजे कातायची पन्हळी पटाशी, धारदार असेल तर ढलप्या न निघता रेशमासारखी लड सुटते, आणि बारीक पॉलिश पेपर फिरवला की वर काही न लावताही चकाकी येते. त्यात निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्यासाठी आणि त्याच्या चमूसाठी बारा पेनं करून देतो, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो.

विक्रेत्याकडून मी आधी दोनच नग मागवले. शहाणपणाच केला म्हणायचा! दोन्ही अस्सल निघाले. ड्रिलमधून जांभळट काळा भुसा आला, पेनं झक्क झाली. मग मी तीस नगांची ऑर्डर दिली, 'लॉट संपत आलाय' म्हणाला म्हणून पूर्ण पैसेही आगाऊ भरले. ते दोन नग म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

पार्सल आलं तेव्हा प्रत्येक ब्लँकची दोन्ही टोकं जाड मेणात बुडवलेली होती. मला उलट कौतुकच वाटलं. लाकडातला ओलावा टोकांतून सगळ्यात लवकर निघून जातो आणि तडे जातात, म्हणून मेण लावायची पद्धत आहेच. सोबत चिठ्ठी: 'ताजा कापलेला माल आहे, तीन-चार महिने मुरू द्या, मगच ड्रिल करा.' सल्लाही चुकीचा नाही. फक्त माल परत करायची मुदत सात दिवसांची होती, आणि ती मोजायचं मला सुचलं नाही. ब्लँक फळीवर रचले आणि येता-जाता त्यांच्याकडे बघून खूश होत राहिलो.

चार महिन्यांनी पहिला ब्लँक लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरून ७ मिमीचं ड्रिल घातलं. पहिला सेंटीमीटरभर काळा भुसा. मग राखाडी. मग चक्क साईसारखा पिवळट पांढरा. वाटलं, बाहेरच्या बाजूचं कोवळं लाकूड आलं असेल. दुसरा घेतला, तेच. मग तिसरा करवतीने बरोबर मध्ये आडवा कापला. फोटोला काळी चौकट असावी तसं दिसत होतं: चहूबाजूंनी तीन-चार मिलिमीटर काळं, मधोमध फिकट.

इथे मला घाम फुटला, कारण झाडात हे उलटं असतं. गाभा काळा आणि सालीकडचं लाकूड फिकट. एखाद्या ब्लँकची एक कड फिकट असणं समजू शकतो. चारही बाजू काळ्या आणि गाभा पांढरा, असं झाड नसतं. ही रंगात बुडवलेली कुठलीतरी साधी जात होती. रंग टोकांतून खोल जातो, बाजूंनी जेमतेम, म्हणून मेणाखालची टोकंही काळीच. त्यात १९ मिमीचा चौकोन कातून ११ मिमीचं पेन करताना बाजूचं साधारण चार मिलिमीटर उडतं. म्हणजे काळं होतं नेमकं तेवढंच.

मग वजनकाटा काढला, जो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. १९ × १९ × १३० मिमी म्हणजे जवळजवळ ४७ घन सेंटीमीटर. ब्लॅकवुडची घनता घन सेंटीमीटरला साधारण १.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे एक ब्लँक ५६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. माझा भरला ३४. हातात घेतल्यावर हलका लागला होता, हे मला आठवतंय. 'चांगला वाळलेला दिसतोय' अशी मी स्वतःचीच समजूत घातली होती. याबद्दल मात्र विक्रेत्याला दोष देता येत नाही.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, सालीकडचं लाकूड आहे. स्पिरिटच्या बोळ्याला काळा रंग लागतोय म्हटल्यावर, 'ते लाकडाचं नैसर्गिक तेल.' यात अर्धं सत्य आहे, म्हणून जास्त राग आला. अस्सल ब्लॅकवुडही स्पिरिटला रंग सोडतं, पण तो तपकिरी-जांभळा असतो. माझा बोळा शाईत बुडवल्यासारखा निळसर काळा झाला होता. शेवटी त्याने हुकमी पान टाकलं: भोक पाडलेला किंवा कापलेला माल परत घेत नाही. भोक पाडल्याशिवाय फसवणूक कळत नाही, आणि पाडलं की तक्रार बाद. बाकीच्या सत्तावीस नगांची मुदत तर केव्हाच संपलेली. 

आता माल आला की त्याच दिवशी पार्सल उघडतानाचं चित्रीकरण, सगळे नग वजनकाट्यावर, आणि त्यातला एक करवतीखाली, बरोबर मधोमध. टोक तासून भागत नाही, टोकाला रंग मुरलेला असतो. एक नग वाया जातो, जाऊ दे. मागवण्याआधी विक्रेत्याला लाकूड कुठून आणलं तेही विचारतो. २०१७ पासून शिसवीचं हे संपूर्ण कुळ धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, सीमेपार लाकूड आणायचं तर कागद लागतात. माझा विक्रेता या प्रश्नावर 'कागद मोठ्या ओंडक्यांना लागतात' म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती.

बारा पेनं शेवटी साध्या अॅक्रिलिकची करून दिली. उरलेले सत्तावीस ब्लँक एकाने 'असू दे, रंगवलेले तर रंगवलेले' म्हणत स्वस्तात मागितले, पण मी ते विकले नाहीत. नुकतंच कातायला शिकणाऱ्या दोघांना हात बसवण्यासाठी ते फुकटच देऊन टाकले. देण्याआधी एकेक नग मध्ये कापून अर्धा केला, म्हणजे पांढरा गाभा उघडाच राहील.