जुन्या फायलींसाठी लिब्रेऑफिस, काही महिने वापरल्यावर

जुन्या किंवा बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली आजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आणायचं काम माझ्याकडे गेले काही महिने चालूच आहे. त्यात वर्क्स, वर्डपरफेक्ट, पब्लिशर, पेजमेकर, मॅकवरच्या पेजेस असलं सगळं येतं आणि बहुतेक सगळं मी लिब्रेऑफिसवरच उरकतो. लोक त्याला फुकटातलं वर्ड समजतात पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग कन्व्हर्टर म्हणून आहे. मजकूर जवळपास पूर्ण हाती लागतो, मांडणीची मात्र खात्री धरू नका.

कारण असं की यातले बरेच फॉरमॅट कंपन्यांनी कधी उघड केलेच नाहीत, लोकांनी फायलीतले बाइट तपासून तपासून आतली रचना ताडली आहे. २०१४ मध्ये डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट सुरू झाला त्यात हे काम एकत्र आलं, कोरलड्रॉ, व्हिजिओ, पब्लिशर, पेजमेकर प्रत्येकाची वेगळी लायब्ररी (तो फॉरमॅट वाचणारा तयार कोड), आणि त्याच लायब्रऱ्या लिब्रेऑफिसच्या आत आहेत. त्यामुळे साधं पत्र असेल तर मस्त येतं, पण चार टेक्स्ट बॉक्स, मागे चित्र, त्यावर तिरपी अक्षरं असलं पब्लिशरचं पान असेल तर काहीतरी सरकतंच. पब्लिशरचा सपोर्ट तसाही ऑक्टोबर २०२६ ला संपतोय, तेव्हा ज्यांच्याकडे ते अजून चालतंय त्यांनी त्यातूनच पीडीएफ काढून ठेवा, तितकं अचूक दुसरं काही नाही.

एक्स्टेंशनवर, म्हणजे फाईलच्या नावातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या अक्षरांवर, विश्वास ठेवू नका हे आधीच सांगतो. डॉट डब्ल्यूपीएस फाईल मायक्रोसॉफ्ट वर्क्सची असू शकते आणि किंगसॉफ्टच्या डब्ल्यूपीएस रायटरचीही, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लिनक्सवर फाईल नावाची कमांड आहे, ती नाव सोडून आतले सुरुवातीचे बाइट बघते, तिच्यावर माझी भिस्त. पेजेसची फाईल तर बऱ्याचदा नुसती झिपच निघते, नावाच्या शेवटी डॉट पेजेसऐवजी डॉट झिप लिहा आणि उघडा, जुन्या फायलींमध्ये क्विकलुकच्या फोल्डरात तयार पीडीएफ मिळतो, २०१३ नंतरच्यांमध्ये बहुतेक फक्त प्रिव्ह्यूचं चित्र.

ढीगभर फायली असतील तर एकेक उघडून सेव्ह ॲज करत बसू नका, हेडलेस मोड (खिडकी न उघडता कमांडने चालवणं) वापरा, एका कमांडीत अख्खं फोल्डर होतं. फक्त तेव्हा लिब्रेऑफिसची खिडकी उघडी नको, नाहीतर बऱ्याचदा कमांड गुपचूप संपते, एरर नाही काही नाही, आणि आउटपुटचं फोल्डर रिकामं. आणि स्प्रेडशीटचं सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करताना सांगितलं नाही तर फक्त पहिलीच शीट निघते, बाकीच्या गेल्या हे कळतसुद्धा नाही!

फॉन्टचं दुखणं वेगळंच. मूळ फॉन्ट मशीनवर नसेल तर दुसरा बसतो, ओळी वेगळ्या तुटतात आणि चार पानांची पाच पानं होतात. देवनागरीचे जुने नॉन-युनिकोड फॉन्ट (ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात) असतील तर त्याहून वाईट, फॉन्ट नसला की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट टाकून पीडीएफ केला तर दिसायला सुरेख, पण त्यातलं वाक्य कॉपी करून बघा, परत तोच कचरा, म्हणजे सर्च वगैरे विसरा. तिथे मजकूर आधी वेगळ्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावाच लागतो, आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. म्हणून मी दोन प्रती ठेवतो, बदलायला ओडीटी (लिब्रेऑफिसचा स्वतःचा फॉरमॅट) आणि जपायला पीडीएफ/ए (पीडीएफचाच एक प्रकार), कारण त्यात फॉन्ट आतच बसवलेले असतात. मूळ फाईल अर्थात हलवत नाही.

ऑडिओ-व्हिडिओला लिब्रेऑफिस नाही, तिथे एफएफएमपेग हे कमांडने चालणारं सॉफ्टवेअर. रिअलमीडियाच्या जुन्या क्लिपाही त्याने एमपी४ होतात. आतला कोडेक (आवाज-चित्र साठवायची पद्धत) नव्या फॉरमॅटमध्ये चालण्यासारखा असेल तर कॉपी पर्याय द्या, नुसता डबा म्हणजे बाहेरचा फाईल फॉरमॅट बदलतो, क्वालिटी तीच राहते आणि काम सेकंदात. डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) लावलेल्या फायली मात्र होत नाहीत.

आणि मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसच्या एमडीबी फायलींना मी एमडीबी टूल्स वापरतो, एकेका टेबलाचं सीएसव्ही काढतो, फॉर्म आणि रिपोर्ट त्यात येत नाहीत पण मला तरी डेटाच हवा असतो.